बॅट खाली ठेवल्यावर

घडियाळी पोळेतलं आमचं जुनं घर अजून आहे तसंच आहे. खाली सराफांची दुकानं, वर जाणारा अरुंद लाकडी जिना आणि वरच्या खोलीत भाऊकाकांचा झोपाळा. आम्ही बाकीचे सगळे केव्हाच गोत्री, अकोटा, वासणा रोड असे पांगलो. भाऊकाका हलले नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, "नवरात्रात अंबामातेपुढचा पुरुषांचा गरबा बघायला तुम्हाला इथेच यावं लागतं ना? मग मी कशाला कुठे जाऊ?" त्यामुळे महिन्यातून एका रविवारी शेव-उसळ बांधून घेऊन आम्हीच त्यांच्याकडे जातो.

या वेळी गेलो तेव्हा घरात जरा गंभीर वातावरण होतं. माझ्या चुलतभावाचा मुलगा खिडकीत मोबाइल घेऊन बसला होता आणि उसळीकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तो सलामीला खेळतो. आठव्या वर्षापासून रोज पहाटे किट खांद्यावर टाकून मैदानावर जातो. यंदा वयामुळे तो एकोणीस वर्षांखालच्या गटातून बाहेर पडला आणि पुढच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही. एवढ्याने तो खचला नसता. खरा घाव निराळाच होता. त्याच्या सरांनी त्याला बाजूला बोलावून सांगितलं, "सकाळच्या छोट्या मुलांच्या बॅचला मदत करशील का? तुला जमेल."

"म्हणजे मी संपलो," तो म्हणाला. "ज्याला खेळता येत नाही, त्याला शिकवायला लावतात."

त्याची आई आत गेली. वडील काही बोलले नाहीत. भाऊकाकांनी झोपाळा थांबवला आणि म्हणाले, "अरे, आपल्या अंशुमनचं बघ की."

"कोण अंशुमन?"

"गायकवाड."

"ते ना, ज्यांना कॅन्सर झाला होता आणि बोर्डाने एक कोटी दिले होते?"

भाऊकाकांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी मध्ये पडलो, "अरे, ते भारताचे कोच होते. सचिनच्या शारजाच्या वेळी." त्यावर भाऊकाका माझ्यावरच उखडले, "कोच नंतर रे! आधी तो काय बॅट्समन होता, ते तुम्हा दोघांनाही माहीत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाच घरात, एकाच शहराच्या एकाच माणसाची तीन वेगवेगळी चित्रं होती. भाऊकाकांना खेळाडू माहीत होता, मला प्रशिक्षक आणि पुतण्याला फक्त शेवटची बातमी. म्हणून या वेळच्या सदरात ही तिन्ही चित्रं शेजारी शेजारी मांडून बघतो. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत हीच परिस्थिती असेल.

आधी भाऊकाकांचे अंशुमन. दोघं साधारण एकाच वयाचे. अंशुमन यांचा जन्म 23 सप्टेंबर 1952चा, मुंबईतला. पण वाढले, खेळले, नोकरी केली ती बडोद्यात. वडील दत्ताजीराव गायकवाड स्वतः कसोटीपटू. 1959मध्ये इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघाचे ते कॅप्टन होते. त्या दौऱ्यात आपण पाचही कसोट्या हरलो. पण त्याच्या आदल्याच वर्षी, 1957-58च्या मोसमात, त्यांनी बडोद्याला रणजी करंडक जिंकून दिला होता आणि सर्व्हिसेसविरुद्धच्या फायनलमध्ये शतकही ठोकलं होतं. म्हणजे कॅप्टनच्या वाट्याला बारा-पंधरा महिन्यांत किती टोकाचं बरं-वाईट येतं, हे अंशुमन यांना घरातच कळलं असणार.

27 डिसेंबर 1974ला ईडन गार्डन्सवर वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांनी पहिली कसोटी खेळली आणि ती भारताने जिंकली. पण भाऊकाका ज्या मॅचविषयी आजही आवाज चढवून बोलतात ती एप्रिल 1976ची, जमैकातल्या सबिना पार्कची. आधीच्या पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत भारताने चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून मॅच जिंकली होती. वेस्ट इंडिजला ते जिव्हारी लागलं. जमैकाच्या खेळपट्टीवर चेंडू कसाही उसळत होता, समोर मायकेल होल्डिंग आणि त्यांचे साथीदार होते, आणि हेल्मेट नावाची वस्तू अजून क्रिकेटमध्ये आलेली नव्हती.

गावसकर आणि गायकवाड यांनी पहिल्या विकेटला शंभराहून जास्त धावा जोडल्या. मग चेंडू छातीवर, बोटांवर, डोक्याच्या दिशेने यायला लागले. विश्वनाथचं बोट मोडलं. ब्रिजेश पटेलच्या तोंडावर चेंडू बसला. गायकवाड सात तासांहून जास्त वेळ उभे राहिले. हातावर, अंगावर मार खात 81पर्यंत पोचले आणि होल्डिंगचा एक चेंडू डाव्या कानावर आदळला. कानाचा पडदा फाटला. त्यांना मैदानातून थेट हॉस्पिटलात न्यावं लागलं. स्कोअरकार्डात त्यांच्या नावापुढे 'जखमी निवृत्त' एवढे दोनच शब्द आहेत. बिशनसिंग बेदींनी पहिला डाव सहा बाद 306वर सोडला. दुसऱ्या डावात 97वर पाच विकेट पडल्या आणि उरलेले पाच जण खेळण्याच्या अवस्थेतच नव्हते.

"पेपरात वाचलं तेव्हा आख्खी पोळ गप्प झाली होती," भाऊकाका म्हणाले. "आम्ही त्याला मोतीबागेत बघितलेला. आपल्यातला मुलगा रे तो. आणि बरा होऊन परत ओपनिंगला आला."

परत आले, हे खरंच. नंतरही आठ वर्षं ते कसोटी खेळत राहिले. सप्टेंबर 1983मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध त्यांनी 201 धावा काढल्या, त्या 671 मिनिटांत. सव्वाअकरा तासांना चार मिनिटं कमी. प्रथम श्रेणी क्रिकेटमधलं ते तोवरचं सगळ्यात संथ द्विशतक होतं. पुतण्याने हा आकडा ऐकून पहिल्यांदा मोबाइल बाजूला ठेवला. "अकरा तास? त्यात तर दीड टी-ट्वेन्टी नाही, तीन मॅच होतील." तीनही होऊन वर वेळ उरेल, असं मी म्हटलं तेव्हा तो जरा हसला.

एकूण 40 कसोट्या, 1985 धावा, दोन शतकं. प्रथम श्रेणीत बारा हजारांहून जास्त धावा. आजच्या हिशेबाने हे आकडे फार मोठे वाटणार नाहीत. शेवटची कसोटीही ईडन गार्डन्सवरच, 31 डिसेंबर 1984ला सुरू झालेली, इंग्लंडविरुद्धची. त्याच कसोटीत हैदराबादच्या एका एकवीस वर्षांच्या मुलाने पदार्पण केलं आणि शतक मारलं. त्याचं नाव मोहम्मद अझरुद्दीन. एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात एकाच ड्रेसिंग रूममध्ये झाली. आणि तेरा वर्षांनी हे दोघं पुन्हा एकाच ड्रेसिंग रूममध्ये आले: अझर कॅप्टन म्हणून आणि गायकवाड कोच म्हणून.

इथून माझं चित्र सुरू होतं.

मधल्या काळात गायकवाड बडोद्यातल्या जीएसएफसीत नोकरी करत होते आणि नव्वदच्या दशकात राष्ट्रीय निवड समितीवरही होते. 1997च्या शेवटी ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पुढची दीडेक वर्षं म्हणजे माझ्या पिढीचं आख्खं क्रिकेटचं बालपण. जानेवारी 1998, ढाका: पाकिस्तानविरुद्ध फायनल, 48 षटकांत 315 धावा हव्यात, अंधार पडत चाललेला, दोन चेंडूंत तीन धावा बाकी, आणि पुण्याच्या हृषीकेश कानिटकरने सकलैन मुश्ताकला मारलेला तो चौकार. मार्च 1998, चेन्नई: पहिल्या डावात वॉर्नने चार धावांवर काढलेला सचिन दुसऱ्या डावात नाबाद 155. एप्रिल 1998, शारजा: वाळूचं वादळ, 143, आणि दोन दिवसांनी वाढदिवसाला 134. फेब्रुवारी 1999, दिल्ली: अनिल कुंबळेचे डावात दहा बळी, 74 धावांत.

यातला प्रत्येक क्षण मला डोळे मिटूनही दिसतो. आणि यातल्या एकाही क्षणात मला गायकवाड दिसत नाहीत. कॅमेरा कधीतरी बाल्कनीकडे वळायचा, तिथे टोपी घातलेले, मिशीवाले एक गृहस्थ बसलेले असायचे. बाबा म्हणायचे, "ते बघ, आपल्या बडोद्याचे." मी हो म्हणायचो आणि पुढचा चेंडू बघायचो.

कोचचं काम असंच असतं. चेन्नईच्या त्या डावाआधी सचिनने लेगस्टंपबाहेरच्या उकरलेल्या जागेवर टाकून घ्यायला लक्ष्मण शिवरामकृष्णनला बोलावलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. ती कल्पना, ती मेहनत आणि ते शतक सचिनचंच. कोचचा वाटा त्यात किती, हे कुठल्याच स्कोअरकार्डात लिहिलेलं नसतं. दिल्लीला कुंबळेचे नऊ बळी झाले होते तेव्हा श्रीनाथने मुद्दाम स्टंपबाहेर चेंडू टाकले, म्हणजे दहावा बळी चुकून आपल्याला मिळायला नको. श्रीनाथला हे एका षटकापुरतं करावं लागलं. कोचला ते रोजच करावं लागतं: विकेट पडायला हवी, पण आपल्या नावावर नव्हे.

दोन वर्षांपूर्वी कामासाठी न्यू जर्सीला गेलो होतो, तेव्हाची एक गंमत इथे सांगतो. तिथे राहणारा माझा मावसभाऊ मला बेसबॉलची मॅच बघायला घेऊन गेला. खेळाडू बसतात त्या कट्ट्यावर एक पन्नाशीचे गृहस्थ अगदी खेळाडूंसारखाच टीमचा ड्रेस घालून उभे होते. मी विचारलं, "हे कधी उतरणार बॅटिंगला?" मावसभाऊ हसून हसून बेजार. ते टीमचे मॅनेजर होते. बेसबॉलमध्ये आपण ज्याला हेड कोच म्हणतो त्याला मॅनेजर म्हणतात, आणि तो खेळाडूंचाच गणवेश घालतो. चेंडू टाकणारा दमला की हा मैदानात चालत जातो आणि त्याच्या हातून चेंडू काढून घेतो. किती मॅच जिंकल्या, किती हरल्या, याचा हिशेब मॅनेजरच्या नावावर वेगळा ठेवतात. मावसभावाने जो टॉरी यांचं उदाहरण दिलं. खेळाडू म्हणून ते 1971चे आपल्या लीगचे सर्वोत्तम ठरले होते, पण खेळाडू असताना त्यांना वर्ल्ड सिरीज एकदाही खेळायला मिळाली नाही. न्यूयॉर्क यांकीजचे मॅनेजर झाल्यावर त्यांनी ती चार वेळा जिंकून दिली: 1996, 1998, 1999 आणि 2000. तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना 2014मध्ये जागा मिळाली, ती मॅनेजर म्हणून.

म्हणजे ज्या वर्षांत आपले गायकवाड बाल्कनीत बसले होते, जवळपास त्याच वर्षांत टॉरी तिकडे कट्ट्यावर उभे होते. कामाचा गाभा एकच. फरक इतकाच की तिथे ते मोजतात आणि इथे आपण ते बाबांच्या "ते बघ, आपल्या बडोद्याचे" एवढ्यावर सोडून देतो.

खरं तर मराठी माणसांनी हे काम किती केलंय हे बघितलं तर आश्चर्य वाटतं. सगळ्यात आधी हेमू अधिकारी. जन्म पुण्याचा, 1923चा. रणजीत काही वर्षं बडोद्याकडून खेळले, मग सैन्यात गेले, लेफ्टनंट कर्नल झाले. 1958-59मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या एका मालिकेत भारताने चार कॅप्टन बदलले, त्यातले चौथे हे. त्यानंतर इंग्लंडला जाणाऱ्या संघाचं कॅप्टनपद दत्ताजीरावांकडे आलं. 1971मध्ये अजित वाडेकरांचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा अधिकारी मॅनेजर होते. फिटनेस आणि फिल्डिंग या दोन गोष्टींबाबत ते फौजी शिस्तीचे. 24 ऑगस्ट 1971ला ओव्हलवर चंद्रशेखरच्या 38 धावांत सहा बळींनी इंग्लंड 101 धावांत गारद झालं आणि आपण तिथली पहिली मालिका जिंकलो, तेव्हा बॅटजवळ उभे राहून अशक्य झेल घेणारे एकनाथ सोलकर आणि त्यांचे साथीदार सगळ्यांना आठवतात.

आणि तीनच वर्षांनी, 1974मध्ये, तेच कॅप्टन आणि तेच मॅनेजर घेऊन संघ पुन्हा इंग्लंडला गेला. लॉर्ड्सवर 42 धावांत सगळे बाद. मालिका 0-3. तीन वर्षांपूर्वीची शिस्त कोणाला आठवली नाही.

पुढे वाडेकर स्वतः 1992 ते 1996 भारतीय संघाचे मॅनेजर झाले. 1996मध्ये काही काळ संदीप पाटील प्रशिक्षक होते. नंतर ते केनियाला गेले आणि 2003च्या विश्वचषकात केनियाला चक्क सेमीफायनलपर्यंत घेऊन गेले. ढाक्याला तो चौकार मारणारा हृषीकेश कानिटकर पुढे प्रशिक्षक झाला आणि 2022मध्ये एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा मुख्य कोच तोच होता. ढाक्यातला तो एक चेंडू सगळ्यांना पाठ आहे. 2022ची गोष्ट किती जणांना माहीत आहे? पुतण्याला नव्हती. आणि तो स्वतः त्या वयोगटाच्या क्रिकेटमध्ये होता!

कोचच्या वाट्याला यश आलं तरी ते दुसऱ्याच्या नावावर जमा होतं, पण अपयश बिनचूक त्याच्या पत्त्यावर येतं. 1999च्या इंग्लंडमधल्या विश्वचषकाचंच घ्या. झिम्बाब्वेविरुद्धच्या मॅचच्या दिवशीच सचिनचे वडील, रमेश तेंडुलकर, गेले. सचिन घरी परतला. ती मॅच आपण तीन धावांनी हरलो. वडिलांचे अंत्यसंस्कार करून सचिन परत आला आणि केनियाविरुद्ध त्याने नाबाद 140 केल्या. पाकिस्तानलाही आपण हरवलं. तरीही सुपर सिक्समधून पुढे जाता आलं नाही आणि त्याच वर्षी गायकवाडांच्या जागी कपिल देव आले.

पण गोष्ट इथे संपत नाही. 2000 साल भारतीय क्रिकेटचं सगळ्यात वाईट वर्ष. मॅच-फिक्सिंगच्या आरोपांनी सगळं ढवळून निघालं होतं. लोक मॅच बघताना प्रत्येक आउट होणाऱ्याकडे संशयाने बघायचे. आमच्या घरी बाबांनी काही महिने टीव्हीवर क्रिकेट लावलंच नव्हतं. कपिल देव बाजूला झाले आणि बोर्डाने पुन्हा गायकवाडांना बोलावलं. थोड्या दिवसांसाठी. कायमचा कोच मिळेपर्यंत.

स्वाभिमान आडवा यावा अशी ती जागा होती. एकदा काढलेला माणूस, पुन्हा बोलावतात ते तात्पुरतं, आणि तेही घराला आग लागलेली असताना. ते गेले. ऑक्टोबर 2000मध्ये नैरोबीला आयसीसीची नॉकआउट स्पर्धा होती. कॅप्टन सौरव गांगुली, आणि संघात दोन नवे चेहरे. एक युवराज सिंग. दुसरा श्रीरामपूरहून आलेला आणि आपल्या बडोद्याकडून रणजी खेळणारा झहीर खान. त्या संघाने ऑस्ट्रेलियाला हरवलं, दक्षिण आफ्रिकेला हरवलं आणि फायनलला गेला. फायनलला न्यूझीलंडच्या ख्रिस केर्न्सने शतक मारलं आणि कप गेला. पण आमच्या घरी टीव्ही पुन्हा सुरू झाला होता.

त्यानंतर जॉन राइट आले आणि पुढची गोष्ट त्यांची आणि गांगुलीची म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेही. पण 2011ला वानखेडेवर विश्वचषक उचलणाऱ्या संघात युवराज आणि झहीर होते, आणि त्यांनी भारताकडून पहिलं पाऊल टाकलं तेव्हा बाल्कनीत कानाला होल्डिंगचा चेंडू लागलेले, अकरा तास उभं राहायला शिकलेले हे गृहस्थ बसले होते. एवढं तरी आपण बडोदेकरांनी लक्षात ठेवायला हवं.

हे सगळं सांगताना मला माझीच एक गोष्ट आठवत होती. चार वर्षांपूर्वी मला ऑफिसात टीम लीड केलं. घरी पेढे वाटले गेले. मी मात्र महिनाभर चिडचिडा होतो, कारण कोड लिहिणं जवळपास बंद झालं होतं. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं. एखादी चूक दिसायची जी मी दहा मिनिटांत दुरुस्त केली असती, पण ती त्या नव्या मुलीला सापडेपर्यंत हात बांधून बसायचं. दिवस संपला की वाटायचं, आज मी केलं काय? अजूनही कधीकधी वाटतं. पण त्या मुलीने नंतर एकटीने एक मोठं काम पार पाडलं, तेव्हा मला जे वाटलं ते माझ्या स्वतःच्या कोडने कधी वाटलं नव्हतं. हे मी पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, तुम्हाला लीड केल्यावर पगार वाढला. मला तर कोणी काही देणार नाही." बोलणं बरोबर होतं. मी गप्प बसलो.

मग भाऊकाकांनी तिसरं चित्र काढलं. पुतण्याचं.

2024 हे गायकवाड घराण्यासाठी फार वाईट वर्ष ठरलं. 13 फेब्रुवारीला दत्ताजीराव गेले. पंचाण्णव वर्षांचे होते, भारताचे सगळ्यात वयस्क हयात कसोटीपटू. तेव्हा अंशुमन स्वतः रक्ताच्या कर्करोगाशी झुंजत होते. लंडनला उपचार चालू होते. त्यांना भेटून आल्यावर संदीप पाटील यांनी जाहीरपणे लिहिलं की आपल्या या मित्राला मदतीची गरज आहे. कपिल देव यांनी आपलं पेन्शन द्यायची तयारी दाखवली. बोर्डाने एक कोटी रुपये जाहीर केले. 31 जुलै 2024ला, बडोद्यातच, अंशुमन गेले. वय एकाहत्तर. वडिलांनंतर साडेपाच महिन्यांनी.

"तू ती एक कोटीची बातमी वाचलीस," भाऊकाका पुतण्याला म्हणाले. "आता ती नीट वाच. मदत मागायला पुढे आलं कोण? संदीप. तो स्वतः याच्या आधी त्याच खुर्चीवर बसलेला. पेन्शन देतो म्हणाला कोण? कपिल. त्याची खुर्ची याच्यानंतर, आणि मग त्याच्याकडून पुन्हा याच्याकडे. एकमेकांची जागा घेतलेली माणसं आहेत ही. यांच्यात वैर असायला हवं होतं की नाही?"

मी हे असं कधी पाहिलं नव्हतं. 2019मध्ये भारताचा कोच निवडायची वेळ आली तेव्हाही कपिल देव, अंशुमन गायकवाड आणि शांता रंगास्वामी असे तिघंच समितीत बसले होते. त्या खुर्चीत बसलेल्या माणसालाच ती किती टोचते हे माहीत असतं. बहुतेक म्हणूनच ते एकमेकांना विसरले नाहीत.

पुतण्या बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने अगदी व्यावहारिक प्रश्न विचारला, "पण त्यांनी 40 टेस्ट खेळल्यावर कोचिंग केलं. मी तर काहीच खेळलो नाही. मी त्या पोरांना काय सांगणार?"

हा प्रश्न खरा होता आणि भाऊकाकांकडे किंवा माझ्याकडे त्याचं तयार उत्तर नव्हतं. कसोटी खेळलेल्या माणसाची वाट आणि एका क्लबच्या पोराची वाट सारखी नसते, आणि तसं भासवणं खोटं ठरलं असतं. त्याचं खेळणं संपलंय असंही कोणी म्हणू नये. एकोणीस-वीस हे काही वय नाही. पण एक गोष्ट मला सुचली. मी विचारलं, "तू आठ वर्षांचा होतास तेव्हा तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची?"

"लेदर बॉलची," तो लगेच म्हणाला. "पहिल्यांदा मांडीवर लागला तेव्हा मी आठवडाभर गेलो नव्हतो."

"मग परत कसा गेलास?"

तो आठवत राहिला. त्या वेळी क्लबात सतरा-अठरा वर्षांचा एक मोठा मुलगा होता. त्याने याला रोज दहा मिनिटं टेनिस बॉल टाकला, मग ओला टेनिस बॉल, मग हळूहळू लेदर. कुणी सांगितलं म्हणून नव्हे, आपणहून. त्या मुलाचं नावही आता याला नीट आठवेना. पुढे तो कुठल्याशा कंपनीत लागला, एवढंच ठाऊक.

"त्याने किती टेस्ट खेळल्या होत्या?" भाऊकाकांनी विचारलं आणि पायाने झोपाळ्याला झोका दिला.

पुतण्याने उत्तर दिलं नाही. उसळ गार झाली होती. त्याने ती आईकडून गरम करून घेतली आणि दोन पाव जास्त खाल्ले.

परवा भावाचा फोन आला होता. मुलगा पुढच्या निवड चाचणीसाठी सराव करतोच आहे. शिवाय मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी साडेसहाला छोट्यांच्या बॅचला जातो. पहिल्याच दिवशी घरी येऊन आईला विचारलं म्हणे, "आपल्याकडे जुने टेनिस बॉल आहेत का? आणि एक बादली?"